टोपलीच्या तारांचे चौकोन

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या शेजारच्या वहिनींकडे नवा डीप फ्रीझर आला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. टेम्पोत तो आडवा घालून आणला होता. दोन मुलांनी तो उतरवला, मागच्या पडवीत भिंतीला अगदी चिकटवून उभा केला आणि पाच मिनिटांच्या आत त्याची पिन अशा एका एक्स्टेंशन बोर्डात खुपसली, ज्यावर आधीपासूनच मिक्सर आणि पाण्याची मोटर चालत होती. काल संध्याकाळी इथल्या, वडोदऱ्याच्या, खंडेराव मार्केटमधून आणलेल्या दहा किलो शेंगा रात्री उशिरापर्यंत बसून सोललेल्या होत्या. तो सगळा लिलवा, म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे, पिशव्यांत भरून तयारच होता आणि तो लगेच आत टाकायचा, असा बेत होता. मी म्हटले, अहो, निदान काही तास तरी नुसता उभा राहू द्या, आडवा आणला आहे, कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेले असेल, ते खाली उतरू द्या. त्यावर टेम्पोवाल्यांतला एक मुलगा म्हणाला, "मासी, कंई ना थाय." म्हणजे, मावशी, काही होत नाही. आणि वहिनीही हसून म्हणाल्या, "तुम्ही फार घाबरता हो, काकू."

हो, मी घाबरते. का घाबरते ते वहिनींना ठाऊक नाही, कारण त्या या गल्लीत गेल्या वर्षी राहायला आल्या. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तरी आज पुन्हा सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमची विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही घराला कुलूप लावून मांजलपूरला नणंदेकडे गेलो होतो. पाणी आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबले, घरात आले नाही. वीज मात्र अडीच दिवस नव्हती. ज्या भागात पाणी भरले आहे तिथला पुरवठा बंद ठेवतात, ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्ही परतलो तेव्हा वीज आलेली होती, फ्रीझर नेहमीसारखा गुणगुणत होता, आणि झाकण उघडून पाहिले तर आत सगळे दगडासारखे घट्ट. सासूबाई देवाला हात जोडून म्हणाल्या, "वाचले गं बाई सगळे." मलाही तसेच वाटले. फक्त एक गोष्ट मला दिसली आणि मी ती पाहून सोडून दिली. जूनमध्ये आमरसाच्या पिशव्या मी ताटात आडव्या ठेवून, अगदी पाटीसारख्या सपाट गोठवल्या होत्या. त्या आता वाकड्या झाल्या होत्या आणि त्यांच्या खालच्या बाजूवर तारेच्या टोपलीचे चौकोन उमटलेले होते. मी एक पिशवी हातात घेऊन त्या चौकोनांवरून बोटही फिरवले. हे कसे झाले असेल, असे मनात आले, आणि पिशवी परत ठेवून दिली.

फ्रीझर बंद पडला होता, हे तो आपल्याला कधीच सांगत नाही. वीज आली की तो निमूटपणे सगळे पुन्हा गोठवतो, आणि आपण घट्ट बर्फ पाहून समाधान मानतो. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला जेमतेम २४ तास. आमचा ऑगस्टमध्ये अर्ध्याहून कमी भरलेला होता. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते इतकेच; माल वितळून पाच अंशांच्या वर गेला की ते सोडले होते तिथून पुढे कामाला लागतात, आणि वडोदऱ्यातल्या ऑगस्टच्या उकाड्यात त्यांना आणखी काय हवे असते? हे सगळे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हते.

७ सप्टेंबरला गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच फ्रीझरमधला खवा काढून पोळ्या केल्या. तीन तासांच्या आत सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या, मग माझ्या धाकट्याला. तो दोन दिवसांत बरा झाला. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांना चार दिवस सलाईनवर ठेवावे लागले, आणि त्यानंतर त्या पूर्वीसारख्या चालू-फिरू शकल्या नाहीत. कारण तो खवाच होता, असे कोणी प्रयोगशाळेत तपासून सांगितलेले नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. खवा परतून घेतला होता ना, असे तेव्हा अनेकांनी मला विचारले. घेतला होता, चांगला तांबूस होईपर्यंत. परतण्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच दुधाच्या पदार्थात सोडून ठेवलेले विष त्या उष्णतेला दाद देत नाही.

आता कोणी म्हणेल की असा पूर काही दरवर्षी येत नाही. नाही येत, मान्य. पण मे महिन्यात दुपारभर वीज जाते की नाही? घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, पावसाळ्यात ओल धरून पडतो की नाही? आणि पुण्याला लग्नाला निघताना ‘सगळे नीट बंद केले’ म्हणून मेन स्विच खाली ओढणारे आपल्यातच किती जण आहेत! फ्रीझरमध्ये माल असताना मेन स्विच बंद करू नये, त्याला स्वतंत्र लाइन असावी, हे दुकानात कोणी एका वाक्यात का सांगत नाही? तिथे आपल्याला लिटर सांगतात, हप्ते सांगतात, सोबत काय भेट मिळेल ते सांगतात. पण त्या फ्रीझरच्या मागच्या पट्टीवर हवामानाचे एक अक्षर छापलेले असते, ते कोणी बोट ठेवून दाखवत नाही. ‘एन’ लिहिलेले यंत्र ३२ अंशांच्या खोलीपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असते, ‘टी’ लिहिलेले ४३ अंशांपर्यंत. आपल्या गावात मे महिन्यात चाळिशी ओलांडते, आणि लोक ‘एन’चा फ्रीझर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवतात आणि मग कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. माझा संताप याच गोष्टीचा आहे. साठ रुपयांच्या मटारसाठी आपण अख्खे मार्केट पालथे घालतो, आणि वीस-पंचवीस हजारांच्या यंत्राची पाठ फिरवून एक अक्षर वाचत नाही.

वहिनींकडे आज सकाळी मी जे पाहिले त्यात एकही गोष्ट धड नव्हती, आणि हे मी त्यांना दुखवण्यासाठी लिहीत नाही. या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बहुधा बाजूंच्या पत्र्याच्या आतूनच फिरवलेल्या असतात. म्हणून त्याच्या कडा हाताला गरम लागतात, आणि म्हणून भिंतीपासून सगळीकडून चार बोटे तरी जागा सोडावी लागते. चिकटवून ठेवला की ती उष्णता तिथेच कोंडते आणि कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकत राहतो. एक्स्टेंशन बोर्डाबद्दल तर मी बोलतच नाही. नाही, बोलतेच. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढतो. तो ताण त्या बारीक वायरीवर आणि सैल सॉकेटवर दिवसातून कित्येकदा पडतो, प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग काळे, आणि आग लागते ती घर झोपेत असताना. फ्रीझरला भिंतीतला स्वतःचा सॉकेट हवा आणि त्याला खरे अर्थिंग हवे. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत अजून दोन पिनांची वायरिंग आहे, तिथे लोक तिसरी, जाड पिन कापून टाकतात आणि मग ओल्या हाताने झाकणाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून हसतात. ती जाड पिन म्हणजे तुमच्या नातवंडांचा जीव आहे. ती कापणाऱ्या माणसाला मी घरात उभे करणार नाही.

स्टॅबिलायझर लावाच, असे मी सगळ्यांना सांगत नाही, कारण काही नव्या यंत्रांत ती सोय आधीच असते. लावलात तर वीज परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून सुरू होणारा लावा, म्हणजे आतल्या गॅसचा दाब समान व्हायला वेळ मिळतो आणि कॉम्प्रेसरला धक्का बसत नाही.

आणि तो दहा किलो शेंगांचा लिलवा! सोलून तो साडेचार-पाच किलो भरला असेल. कोमट फ्रीझरमध्ये एकदम एवढा माल कोंबला तर आतल्या पिशव्या गोठायला दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांत दाणे काळपट पडतात. फ्रीझर आधी रिकामाच उणे अठरापर्यंत उतरू द्यावा, साध्या थर्मोमीटरने खात्री करावी, मग थोडा थोडा माल, पातळ पसरून. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढले की रंग आणि चव टिकते, कारण दाण्यांना जून करणारी क्रिया नुसत्या गोठवण्याने थांबत नाही, ती उकळण्याने थांबते. माझ्या सासूबाई हे न शिकता करत असत; लिलव्याची कचोरी त्यांच्याकडे पावसाळ्यातही हिरवीगार निघत असे. त्या ओल्या फडक्यावर दाणे पसरायच्या, एक एक दाणा सुटा करायच्या, पिशवीतली हवा तळहाताने दाबून काढायच्या, आणि प्रत्येक पिशवीवर महिन्याचे नाव लिहायच्या. त्यांच्या हातची ‘पौष’ लिहिलेली एक पिशवी अजून माझ्या फ्रीझरच्या तळाशी आहे. ती खाण्याची नाही. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही.

इथे थोडा वेळ थांबले होते.

बर्फाचा थर पाव इंचाचा झाला की फ्रीझर रिकामा करून, पिन काढून, झाकण उघडे टाकून तो आपोआप वितळू द्यावा. घाई असेल तर आत गरम पाण्याचे पातेले ठेवावे. सुरीने बर्फ खरवडू नये. आमच्या ओळखीच्या एका घरात सुरीचे टोक नळीत गेले, गॅस निघून गेला आणि चांगला फ्रीझर भंगारात गेला. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत भरलेला गॅस पेट घेणारा असतो, कॉम्प्रेसरजवळ ज्वाळेचे चिन्ह असलेला त्रिकोण चिकटवलेला दिसेल, तेव्हा नळी फुटली तर खिडक्या उघडाव्यात आणि कोणतेही बटण दाबू नये. झाकणाच्या कडेचे रबर महिन्यातून एकदा पुसावे आणि कागदाचा तुकडा मध्ये धरून झाकण लावावे. कागद सहज ओढून निघाला तर तिथून थंडी गळते आहे. आणि ज्यांच्या फ्रीझरला कुलूप आहे त्यांनी किल्ली मुलांच्या हाताबाहेर टांगावी, जुना फ्रीझर अंगणात काढून ठेवताना झाकण आधी उखडावे. लपाछपी खेळणारे मूल आतून ते झाकण उघडू शकत नाही.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की एवढा विचार करायचा तर फ्रीझर घ्यायचाच कशाला. अन्न वाया जाऊ नये, म्हणूनच आपण तो घेतो. आपल्या सगळ्यांच्या घरात पानातले शीतही टाकलेले चालत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या दिवशी याच संस्काराने माझा हात धरला. खवा टाकून द्यावा असे एक क्षण वाटले होते; हजार-बाराशे रुपयांचा माल, त्यात सासूबाईंनी स्वतः दूध आटवून केलेला. मी तो नाही टाकला. मटार आणि लिलवा कदाचित चाललाही असता, तो शिजवून खाल्ला जातो, एवढे कबूल करते. दूध, खवा, पनीर, मांस, मासे यांच्या बाबतीत मात्र कबूल करणार नाही. माल अजून बर्फाळ असेल, आत बर्फाचे कण दिसत असतील तर ठेवावा; पूर्ण वितळून गेलेला असेल तर टाकावा, कोणी कितीही हळहळले तरी.

आता संध्याकाळ झाली आहे आणि सकाळचा राग बराच ओसरला आहे. दुपारी वहिनी स्वतःच आल्या. मी त्यांना सासूबाईंचे सगळे सांगितले, त्या पिशवीवरच्या चौकोनांचेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी घरी जाऊन फ्रीझरची पिन काढली, भिंतीपासून तो पुढे ओढून घेतला, आणि उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावून वेगळा पॉइंट काढून घ्यायचे ठरवले. तोपर्यंत त्यांचा लिलवा माझ्याकडे आहे. मघाशी आम्ही दोघींनी मिळून तो उकळून, निथळून, ताटांत पसरून ठेवला. त्यांच्यासाठी एका वाटीत पाणीही गोठायला ठेवले आहे. वाटीतल्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ती वाटी फ्रीझरमध्ये कायम राहू द्यायची. बाहेरगावाहून परतल्यावर नाणे वरच असेल तर माल शाबूत आहे, बर्फात तळाशी गेलेले असेल तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठलेले आहे. ते नाणे मी स्वतः ठेवणार, असे त्यांच्या नातवाने मला बजावले आहे. वाटीतले पाणी अजून मधोमध पातळ आहे, तेव्हा नाणे उद्या सकाळी.