पंखा सापडत नाही आणि म्हणे एसएमसी रीसेट कर

माझ्या साध्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर मी मॅकओएस टाकलंय, याला हॅकिंटॉश म्हणतात, आणि त्यात पंखा नीट चालत नाही. कुणालाही विचारलं की एकच उत्तर. आता परत कुणी मला 'एसएमसी रीसेट कर' म्हणालं ना तर खरंच सांगतो, भांडण होईल. अरे भो, एसएमसी म्हणजे पंखा, बॅटरी, पॉवर सांभाळणारी चिप, ती इंटेलवाल्या खऱ्या मॅकच्या बोर्डावर असते, माझ्या लॅपटॉपवर ती चिपच नाही, म्हणून तर व्हर्च्युअलएसएमसी नावाचं केक्स्ट, म्हणजे मॅकओएसचं ड्रायव्हरसारखं, टाकून मॅकओएसला थाप मारावी लागते की बाबा आहे एसएमसी, तू हो बूट. जी वस्तू नाहीच ती रीसेट कुठून करू? पण नाही, यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिलेला प्रत्येकजण तेच, शिफ्ट कंट्रोल ऑप्शन दाब आणि पॉवर बटण धरून ठेव. धरतो ना, दुसरं काय काम आहे मला.

मशीन सांगतो म्हणजे परत कुणी विचारायला नको. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, 8250यू, वरून एनव्हिडियाचं एमएक्स150 ग्राफिक्स कार्ड. काम लग्नाच्या व्हिडिओंचं, स्टुडिओवाले फायनल कटच्या, म्हणजे फक्त मॅकवर चालणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या, लायब्ररीच हातात देतात, आणि मॅकबुक घ्यायची ऐपत असती तर मी हे धंदे केले असते का? म्हणून ओपनकोअर, मॅक नसलेल्या मशीनवर मॅकओएस बूट करून देणारं. वायफाय चालतं, आवाज चालतो, बॅटरीचे टक्के बरोबर दाखवतं, ट्रॅकपॅड मस्त. फक्त पंखा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकतर मेल्यासारखा गप्प, प्रोसेसर 85 डिग्रीला गेला तरी गप्प, आणि मग एकदम जो सुटतो की परवा शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, अहो मोटर बंद करा, टाकी भरली असेल! टाकी कसली काकू, हळदीचा व्हिडिओ एक्सपोर्ट होतोय.

फॅन कंट्रोलचं ॲप टाकलं. ते म्हणतं फॅन सापडला नाही. अरे इथं माझ्या मांडीला गरम वारा लागतोय आणि तू म्हणतो सापडला नाही! आता यात त्या ॲपचाही दोष नाही म्हणा, ते बिचारं एसएमसीला विचारतं, आणि आपली एसएमसी खोटी. लॅपटॉपचा पंखा खरा असतो एंबेडेड कंट्रोलरच्या हातात, तीच चिप कीबोर्ड बघते, चार्जिंग बघते, पंखा बघते. विंडोजमध्ये तिच्याशी बोलायला कंपनीचे ड्रायव्हर असतात, इंटेलचं उष्णता सांभाळणारं डीपीटीएफ असतं, त्यामुळं तिकडं हाच पंखा शहाण्या पोरासारखा हळूहळू चढतो आणि उतरतो. मॅकओएसमध्ये बोलायला कुणी नाही. त्यात बायोस पण राजकारणी, आधी विचारतो तू विंडोज का, मॅकओएस म्हणतं मी डार्विन, ते त्याच्या गाभ्याचं नाव, की झालं, बऱ्याच गोष्टी बाय डिफॉल्ट सोडून देतो. मग एसएसडीटी, म्हणजे बायोसच्या माहितीला जोडायचं छोटं टेबल, लावून खोटं बोलायचं की हो रे बाबा मी विंडोजच. एवढं खोटं तर लोक सोयरीक जमवताना बोलत नाहीत.

डीएसडीटी, म्हणजे बायोसचं हार्डवेअरच्या माहितीचं मुख्य टेबल, उघडून त्या कंट्रोलरची रजिस्टरं, म्हणजे पंख्याचे आकडे ठेवायच्या जागा, शोधायला बसलो तर चार-चार अक्षरांची नावं, कशाचा कशाला पत्ता नाही, प्रत्येक मॉडेलला वेगळी, आणि कंपनी कुठं काही लिहून ठेवेल तर शपथ. एखाद्या जागी आकडा लिहून बघावं तर भीती वाटते की पंखा बंद पडायचा आणि चार्जिंगपण सोबत जायचं. मशीन कमी तापावं म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करावं म्हटलं तर 2019 ला प्लंडरव्होल्ट नावाची, व्होल्टेज कमी करूनच हल्ला करता येणारी खोट निघाली, तेव्हापासून कंपन्यांनी बायोस अपडेटमध्ये तो रस्ताच कुलूप लावून बंद केला, आमच्याकडं पण लावलंय. एनव्हिडियाचं कार्ड मॅकओएसमध्ये कामाचं शून्य, पण बंद नाही केलं तर आत बसून फुकट करंट खातं आणि तापतं. ते बंद केलं. स्लीपमधून उठवलं की साहेब परत जागे! मग उठल्यावर त्याला पुन्हा झोपवायचं वेगळं पॅच. सीपीयूच्या पॉवर मॅनेजमेंटची सेटिंगं, प्लगइन-टाइप एक, सीपीयूफ्रेंड, सगळं झालं, क्लॉक व्यवस्थित खालीवर होतो. तरी रडगाणं तेच.

आणि आता खरं ज्यानं टाळकं सरकतं ते. हॅकिंटॉशचे सगळे गाईड सांगतात, आयडलला, म्हणजे काही काम नसताना, प्रोसेसर 40 च्या आसपास पाहिजे, जास्त असेल तर तुझ्या कॉन्फिगमध्ये गडबड आहे. अरे कुठं बसून लिहिता तुम्ही हे? एसीत? मी अमळनेरला बसतो. मे महिना चालू आहे, बाहेर 44-45, घरात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तीनला भिंतीवरचा काटा 41 वर. पंखा जी हवा आत ओढतो तीच 41 ची, तर प्रोसेसर 40 ला कसा आणू, मंत्र मारू का? बाहेरच्या हवेपेक्षा थंड कुठलाच हीटसिंक करून देत नाही. आणि यातच सगळी मेख आहे, कंट्रोलरच्या टेबलात पंखा चालू व्हायचा आकडा वेगळा आणि थांबायचा वेगळा, थांबायचा खालचा. आमच्याकडं त्या खालच्या आकड्याला मशीन मार्च ते जून पोचतच नाही, म्हणून एकदा सुटला की दिवसभर सुटलेलाच. पुण्याचा मित्र म्हणतो माझं सेम मॉडेल, सेम ईएफआय, म्हणजे ओपनकोअरची सेम फोल्डर, एकदम शांत. असणारच ना शांत, तुझ्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी वारं येतं.

कूलिंग पॅड घे म्हणे. घेतलं, तेच गरम वारं खालून अजून जोरात. कूलरसमोर ठेव म्हणे. वाळ्याच्या पॅडमधून तुषार उडतात रे, कीबोर्डवर पाणी गेलं तर तू भरून देशील का? बरं साफसफाई पण करून झाली, खोलून बघितलं तर पंख्याच्या मागच्या जाळीत कापसाच्या तंतूंची अख्खी गादी, ही खानदेशची खास देणगी. ब्रशनं काढली, पेस्ट नवी लावली, थोडा फरक पडला, पंख्याचा हट्ट तोच. दुकानदाराकडं नेलं तर त्यानं स्क्रीन बघितली आणि लॅपटॉप सरळ माझ्याकडं सरकवला, विंडोज टाका मग या. ज्या गावात 1945 ला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली तिथं मी एका पंख्यासाठी हिंडतोय, बोला.

त्यात हा सीझन. लग्नं सगळी एप्रिल-मे मध्येच करायची, कडक उन्हात घोडा नाचवायचा, आणि व्हिडिओ मात्र आठ दिवसात पाहिजे. दुपारी एक्सपोर्ट लावला की प्रोसेसर 97-98, क्लॉक धाडकन खाली, 3.4 गिगाहर्ट्झची टर्बो गेली खड्ड्यात, जेमतेम एकावर रांगतो. मध्येच लाइट जाते, कूलर बंद, बॅटरीवर अजून हळू. आई आतून ओरडते, तो डबा बंद कर ना रे, घरमा काय कमी ऊन शे का! तिचंही चुकत नाही.

म्हणून आता एक्सपोर्ट रात्री दोननंतर लावतो, तेव्हा खोली जरा उतरलेली असते. सकाळी उठून बघायचं फाइल झाली की मशीन थकून बंद पडलं. कुणाकडं या मॉडेलच्या पंख्याचं रजिस्टर शोधलेलं असेल तर द्या, उपकार होतील. आणि 'माझं तर 38 ला चालतं' म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एक आठवडा इकडं राहायला यावं, जेवायला भरीत-भाकरी देतो, लॅपटॉप स्वतःचा घेऊन या.