पायऱ्यांवरचा तो मारेकरी
१९९८चा ‘बाल्डर्स गेट’ हा जादू-तलवारींचा कॉम्प्युटर गेम आता खेळवत नाही, हे एका लेखातलं मत मला अर्धंच पटलं. सुरुवात छळते खरी. पहिल्या लेव्हलचा जादूगार घेतलात तर त्याने झोप काढेपर्यंत एकच मंत्र, आणि लांडगा दोनदा चावला की खेळ खल्लास! गेममधल्या ‘फ्रेंडली आर्म इन’ या सराईच्या पायऱ्यांवरच्या मारेकऱ्याने मला किती वेळा लोळवलं, ते मोजणंच सोडलं. पण आपल्यासकट सहा जणांची टोळी जमली की रंगत येते. त्यातले खालिद-जाहीरा नवरा-बायको, एकाला काढलं की दुसराही चालता होतो. आपण फार सज्जनपणा केला की टोळीतली दुष्ट मंडळी कुरकुरायला लागतात, शेवटी सोडूनही जातात. मिन्स्क नावाचा सोबती तर हॅमस्टरशी गप्पा मारतो! स्पेसबारने लढाई थांबवायची, सगळ्यांना कामं वाटायची, पुन्हा स्पेसबार. माझ्या कीबोर्डवर तेवढंच बटण गुळगुळीत झालंय.