रुसलेल्या ऑस्करची शुश्रूषा

आजारी माणूस कण्हतो, नाडी दाखवतो, निदान औषध कडू असल्याची तक्रार तरी करतो. ऑस्कर हा सिक्लिड कुळातला मासा मात्र आजारी पडला की काचेकडे पाठ फिरवतो आणि आपल्याला काही झाले आहे हे मान्यच करीत नाही. मूळच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या या घराण्याला टाकीतली मांडणी सहसा पसंत पडत नाही. आमच्या ऑस्करनेही एक अणकुचीदार दगड तोंडाने ढकलता ढकलता अंगावरचे खवले खरवडून घेतले आणि त्या जागी पांढरा, कापसासारखा झुबका उगवला.

पांढरे दिसले म्हणजे बुरशीच, असे मात्र नसते. धाग्याधाग्यांनी पाण्यात लहरणारा झुबका असेल तर ती बहुधा सॅप्रोलेग्निया. तोंडाभोवती किंवा पाठीवर चपटा, करडा पट्टा असेल तर तो कॉलम्नॅरिस, म्हणजे चक्क जिवाणूंचा रोग असू शकतो, आणि पाण्याची ऊब वाढली की तो अधिकच फोफावतो. निदानासाठी मी भिंग घेऊन काचेला नाक लावले, तेव्हा ऑस्करनेही पलीकडून डोळा लावला. कोण कोणाला तपासत आहे हे तिऱ्हाइताला सांगता आले नसते. झुबका लहरत होता. पुढे वाचनात आले की सॅप्रोलेग्नियाला शास्त्रज्ञ खऱ्या बुरशीत धरतच नाहीत, तपकिरी शैवालांची दूरची नातलग मानतात. शत्रूचे नाव हाती लागेपर्यंत त्याचे कुळ निसटले होते.

या उपचारात औषध माशाला पाजायचे नसते, पाण्याला पाजायचे असते, आणि पाणी फार खादाड असते. रुग्णासाठी साठ लिटरांची वेगळी टाकी मांडली, फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो म्हणून तो काढून ठेवला आणि लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने 120 ग्रॅम मीठ विरघळवायला घेतले. स्वयंपाकघरातला मिठाचा डबा नाहीसा झाल्याची चौकशी झाली, तेव्हा "माशाला मीठ लावतो आहे" या माझ्या उत्तराने घरात जो आनंद पसरला, तो खुलासा होताच मावळला.

मिठाच्या जोडीला मेथिलीन ब्लू होते. 1876 साली हाइन्रिख कारो या रसायनशास्त्रज्ञाने ते सुती कापड रंगवण्यासाठी तयार केले, आणि औषध म्हणून नाव कमावल्यावरही त्याने आपले कुलव्रत सोडलेले नाही. माझी बोटे, टॉवेल, टाकीचे सिलिकॉनचे सांधे हे सारे त्याने मनापासून रंगवले. पाण्यातला अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणूही त्याने दगावतात, म्हणून मुख्य टाकीत त्याला प्रवेश नाही. शिवाय उजेडाने ते निकामी होत जाते, म्हणून दिवा बंद. त्या निळ्या अंधारात ऑस्कर कुशीवर आडवा पडून राहिला. जागा बदलली की हे मासे असा रुसवा धरतात हे ठाऊक असूनही, कल्ले हलत आहेत का ते पाहण्यासाठी मी रात्री-बेरात्री विजेरी घेऊन उठत असे, आणि तो एक डोळा माझ्याकडे वळवून झोपमोड केल्याबद्दल नापसंती व्यक्त करी.

रोज पंधरा लिटर पाणी बदलायचे आणि जेवढे पाणी काढले तेवढ्यापुरतेच मीठ, म्हणजे 30 ग्रॅम, पुन्हा घालायचे. हे गणित सोपे आहे, पण निळ्या हातांनी, बादली सांभाळत, रुग्णाच्या देखरेखीखाली ते करावे लागते. झुबका झडून गेला तरी सुटका नव्हती, कारण मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. ते थोडेथोडे ताजे पाणी भरूनच हटवावे लागते.

मीठ उतरत आले तेव्हा मी खाद्य टाकून पाहिले. ऑस्करने पहिला दाणा गिळला, दुसरा चघळून थुंकला आणि शेपटीच्या एका फटक्याने माझा चष्मा भिजवला. मी ताबडतोब जाळी आणि मऊ टॉवेल काढून त्याला परत पाठवण्याच्या तयारीला लागलो.