बोनाफाईड जावई

आमचे सासरे अण्णा चिपळूणजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी हजारो पोरांना दाखले दिले, त्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत त्यांना कुणी शहाणपण शिकवावं अशी वेळ कधी आली नव्हती. ती मी आणली.

बेत ग्रँड कॅन्यनचा होता. सॅन होजेहून फिनिक्सपर्यंत विमान, पुढे गाडी. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना सोफ्यावर बसवून अमेरिकेतल्या ओळखपत्रांवर बौद्धिक घेतलं.

"देशातल्या देशात उडायचं असलं तरी आता रियल आयडी, म्हणजे केंद्राच्या नियमांप्रमाणे काढलेलं लायसन, नाहीतर त्याच्या तोडीचं ओळखपत्र लागतं. कायदा झाला २००५ साली, आणि विमानतळावर लागू झाला ७ मे २०२५ला. मधली वीस वर्षं नुसत्या मुदतवाढी."

"म्हणजे आपला मुंबई-गोवा महामार्ग," अण्णा म्हणाले. चिपळूणच्या माणसाला मुदतवाढ समजावून सांगावी लागत नाही.

मग मी यादी सांगितली. चांदणीची खूण असलेलं लायसन चालतं, परदेशी पासपोर्ट चालतो, ग्रीन कार्ड चालतं, कामाच्या परवान्याचं कार्डही चालतं.

"आधार?"

"नाही."

"पॅन?"

"नाही, अण्णा."

"एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं?" हे विचारताना ते हसत होते. बहुधा.

"आणि तुमच्या लायसनवर आहे का चांदणी?"

मुख्याध्यापक बरोबर त्याच मुलाला प्रश्न विचारतात ज्यानं गृहपाठ केलेला नसतो. कॅलिफोर्नियाच्या रियल आयडीवर कोपऱ्यात सोनेरी अस्वल असतं आणि त्याच्या अंगावर चांदणी. माझ्या लायसनवर त्या जागी 'फेडरल लिमिट्स अप्लाय' असं छापलेलं आहे, म्हणजे केंद्राच्या कामांना हे चालायचं नाही. अकरा वर्षं झाली इथे येऊन. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, रांग हलत नाही, म्हणून नोकरीचा एच-वन व्हिसा दर तीन वर्षांनी वाढवून घ्यायचा, आणि लायसनची मुदत त्याच्या दावणीला बांधलेली. दर वेळी कागदांची चळत घेऊन खिडकीसमोर उभं राहायचं. त्यात रियल आयडीसाठी आणखी कागद. मी म्हटलं, मरू दे, आपल्याकडे पासपोर्ट असतोच की.

गंमत म्हणजे कायद्यानं मी जो कागद कायम जवळ बाळगायला हवा, तो आय-९४, मी या देशात रीतसर शिरलो हे सांगणारा. तो घरच्या प्रिंटरवर छापायचा असतो आणि त्यावर फोटो नसतो. म्हणजे विमानतळावर त्याचा उपयोग शून्य.

बौद्धिकाचा समारोप म्हणून मी सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती काढल्या. रंगीत, दोन-दोन. माझ्या सर्वांत शेवटी.

सकाळी विमानतळावर अण्णा सगळ्यांत पुढे. तपासनिसानं पासपोर्ट मागितल्यावर त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली. तो जरा मागे सरकला. आईंनी अण्णांच्या बंडीला आतून खिसा शिवलाय, त्याला वर सेफ्टी पिन. पिन निघाली, ती ओठांत धरली गेली, मग प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रुमाल, आणि रुमालात पासपोर्ट. तपासनिसानं तो कोमट पासपोर्ट दोन बोटांत धरला, यंत्रात सरकवला, कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, झालं. पाहुणे म्हणून येऊन तीन आठवडे झालेला माणूस अर्ध्या मिनिटात आत.

पुढे आई. त्यानंतर प्राची, माझी बायको. तिचा इथला मुक्काम माझ्या व्हिसावर, तिचा कामाचा परवाना माझ्या अर्जावर. तिनं ते परवान्याचं कार्ड दाखवलं आणि तीही आत.

मग मी. जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला. नाही. लॅपटॉपच्या बॅगेत रंगीत प्रती होत्या, चौघांच्या, दोन-दोन. बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले. भारतात हॉटेलवाल्यानं दिलेली खोलीची चावीसुद्धा सापडली. मागची रांग सुस्कारे टाकू लागली. मी माझी प्रत पुढे केली. तपासनीस सौजन्यानं म्हणाला, प्रती चालत नाहीत. हे वाक्य मीच आदल्या रात्री दोनदा म्हणालो होतो.

पलीकडून प्राचीनं फक्त एक शब्द उच्चारला. "स्कॅनर."

डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: घरी अंधार, पांढरं झाकण, आणि त्याखाली काचेवर पालथा पडलेला, तीन सिंहांचा माझा पासपोर्ट.

यावर सरकारी उपाय आहे. १ फेब्रुवारी २०२६पासून ज्याच्याजवळ चालणारं ओळखपत्र नाही, त्यानं ४५ डॉलर भरायचे, मग तुम्ही तेच आहात का याची पडताळणी होते. होईलच याची हमी नाही. मी बाजूला होऊन फोनवर पैसे भरले. नाव लिहिताना घोळ झालाच. आपण मराठी माणसं वडिलांना मधे घेऊन फिरतो. पासपोर्टवर ते माझ्या नावाशेजारी, तिकिटावर मला चिकटलेले, 'मकरंदविनायक' असे एका दमात, आणि लायसनवर नुसता 'व्ही'. या तिघांपैकी नेमक्या कुणाची पडताळणी करून घ्यावी?

"किती घेतात?" अण्णांनी पट्ट्याजवळूनच विचारलं.

"पंचेचाळीस डॉलर."

त्यांनी मनात गुणाकार केला. "चार हजार? मी एकतीस वर्षं फुकट बोनाफाईड दिलं. विचारा त्यांना, आत्ता लिहून देतो. सदर इसम आमचे जावई असून त्यांची वर्तणूक..." इथे ते थांबले आणि प्राचीकडे पाहू लागले. प्राचीनंही चटकन उत्तर दिलं नाही.

नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं झालं. पडताळणी पार पडली. जादा तपासणीसाठी माझी बॅग वेगळी काढली, आणि तिच्यातून निघाली दीड किलोची पिशवी. थालीपिठाची भाजणी. आईंनी रात्री गुपचूप माझ्या बॅगेत सरकवलेली, कारण "त्यांच्या बॅगेत जागा होती." अमेरिकेत ३५० मिलिलिटरच्या वर पावडर असली की ती वेगळी काढून दाखवायची असते. ओळखपत्राविना आलेला माणूस आणि त्याच्याजवळ तपकिरी पावडर! हातमोजे घातलेल्या बाईंनी पिशवी उघडली. धने-जिऱ्याचा वास दरवळला. त्यांनी कापडाची पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली. आम्ही चौघंही यंत्राकडे बघत होतो.

"खमंग आहे म्हणावं," आई हळूच म्हणाल्या. "जास्त भाजली गेल्येय का विचारतायत का त्या?"

यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. मी बेल्ट कमरेला लावत होतो, तोवर अण्णांनी माझा फोन घेऊन चष्मा कपाळावर ढकलून पावती वाचायला घेतली होती. मजकूर त्यांनी दोनदा वाचला, बोट ठेवून.

"मकरंदराव, ही तर दहाच दिवस चालणार."

"हो. तोवर येतोय आपण परत."

"ते ठीक," अण्णा म्हणाले. "पण अकराव्या दिवशी तुम्ही कोण?"