आरटीईतून इंग्लिश मीडियम फुकट मिळतं, हे खरं नाही

प्रवेशाचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो: 'सरकारी मराठी शाळेत इंग्रजी नाही, शिक्षक नाहीत. पोराला शहरात इंग्लिश मीडियमला घाला, आरटीईत फी माफ होते.' यातली शिक्षकांची गोष्ट तेवढी अर्धी खरी आहे.

आधी फी. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्यातला खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरीब, वंचित घरांतल्या पोरांना फुकट देण्याचा नियम कर्नाटकाने 2019-20 च्या प्रवेशांपासून बदलला. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेत आरटीईची जागा मिळत नाही. उच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हा बदल कायम ठेवला. म्हणजे फी, व्हॅन, वह्या-पुस्तकं सगळं तुमच्याच खिशातून.

इंग्रजी विषय सरकारी शाळांत 2007-08 पासून पहिलीलाच सुरू होतो. माध्यम इंग्रजी करणं मात्र वेगळं. तिसरीतल्या पोराला मराठीत विचारा, '52 आंब्यांतले 27 विकले, किती उरले?' त्याने 35 सांगितलं, तर चूक लगेच सापडते: दोनातून सात जाईनात म्हणून त्याने सातातून दोन काढले, हातचा घेतलाच नाही. तेच 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' असं विचारलं, की लेफ्ट म्हणजे डावा एवढंच माहीत असलेलं पोर गप्प बसतं. गणित अडलं की भाषा, हे घरीही कुणाला कळत नाही.

आता शिक्षक. हे दुखणं खरंच आहे. आरटीईप्रमाणे प्राथमिकला 60 पोरांपर्यंत दोनच शिक्षक. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला गेला की दुसरा एकटा पाचही वर्ग सांभाळतो. पण पदं पटावर ठरतात. पट 61 असेल तर तिसरा शिक्षक. तीन पोरं व्हॅनने शहरात गेली, पट 58 झाला, की तिसरं पद 'जादा' ठरतं आणि बदली होते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत, कायद्यानेच तीन-चतुर्थांश पालक असतात. पद रिकामं असेल तर जूनमध्येच अतिथी शिक्षकाच्या मागणीचा ठराव करा, इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात देऊन पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

आणि व्हॅन ठरवण्याआधी सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, ग्रामीण कोटा बघा; त्यात खेड्यात शिकलेल्यांसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं, ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली लागतात. चौथीपर्यंत शहरात आणि पाचवीला परत गावात आणलं, तरी तो हक्क गेलाच.