एनोला होम्स आणि आईचे खोटे हिशेब

एनोला होम्स, म्हणजे शेरलॉक होम्सची कादंबरीत कल्पिलेली धाकटी बहीण, म्हटलं की बहुतेकांना २०२० चा नेटफ्लिक्सचा सिनेमा आठवतो. मिली बॉबी ब्राउन मध्येच आपल्याकडे बघून बोलते, मारामारी करते. मजा येते, नाही असं नाही. पण नॅन्सी स्प्रिंगरची २००६ ची मूळ कादंबरी वाचली आणि मला वाटलं, सिनेमावाल्यांनी मुद्द्याची गोष्ट मागे ढकलली. या पोरीचं सगळं बंड पैशावर उभं आहे.

साल १८८८. चौदाव्या वाढदिवशी आई गायब. थोरला भाऊ मायक्रॉफ्ट म्हणजे घराचा मालक, आणि कायद्याने बहिणीचाही जवळपास मालकच. तो घरी येऊन बघतो तर काय, ज्या नोकरचाकरांचे, संगीतशिक्षकाचे पैसे वर्षानुवर्षं पाठवले, त्यांचा पत्ताच नाही! आईने खोटे हिशेब दाखवून सगळे बाजूला टाकलेले. डाळीच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या मला. फक्त या बाईने नोटा चित्रांच्या मागे लपवल्या आणि त्यांचा ठावठिकाणा सांकेतिक लिपीत लेकीला कळवला.

मायक्रॉफ्टला बहिणीला बोर्डिंगात घालून 'लेडी' करायचंय. एनोला त्याच लेडीच्या थाटाचे कपडे चढवते, आत पैसे आणि सामान कोंबते आणि सायकलवर टांग मारते. (सिनेमात एनोलाशी ज्याचं जुळतं तो ट्यूक्सबरी पुस्तकात बारा वर्षांचा पोरगा आहे. प्रेमबिम काही नाही. सुटलो!)

आईचा मात्र मला राग येतो. पैशाची सोय केलीस, लिपी शिकवलीस, सगळं मान्य. पण जायला नेमका वाढदिवसच सापडला?

पैशाचं हे प्रकरण जुनंच आहे म्हणा. अमेरिकन रहस्यकथा-लेखिका अ‍ॅना कॅथरिन ग्रीनची नायिका व्हायोलेट स्ट्रेंज, १९१५ च्या पुस्तकातली, न्यूयॉर्कच्या बड्या घरातली मुलगी. बापाच्या नकळत फी घेऊन गुन्हे उकलते. कशासाठी? बापाने घराबाहेर काढलेल्या बहिणीच्या गाण्याच्या शिक्षणासाठी.

एनोला पुढे लंडनमध्ये चक्क ऑफिस थाटते. पाटी डॉ. रॅगोस्टिन यांची, हरवलेल्या गोष्टी शोधून देणारे शास्त्रीय तज्ज्ञ. हे डॉक्टर अस्तित्वातच नाहीत. अशिलं आपली गाऱ्हाणी सेक्रेटरीला सांगतात आणि सेक्रेटरी म्हणजे आपल्या एनोलाबाई. बाईच्या नावाच्या पाटीवर कोण येणार होतं त्या काळी?

सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक घ्याच.