मशीनने मत द्यायचं नसतं

काल माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर मला सुनावण्यात आलं की मशीनने मत द्यायचं नसतं. सुनावणारे माझे मामेसासरे, नाना. मशीन म्हणजे मी. एरवीही मामेसासऱ्यांना उलट उत्तर देता येत नाही, त्यात मशीन झाल्यावर तर तोंडच बंद. म्हणून हे लिहून काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. मुलगी सात वर्षांची. तिला प्रोग्रॅमिंगची तोंडओळख व्हावी म्हणून मी स्क्रॅच उघडून दिलं. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे, की पडद्यावरचं नारिंगी मांजर तसं वागतं. टायपिंग नाही, स्पेलिंग नाही, कंस मिटायचा राहिला म्हणून रडारड नाही. पहिला ठोकळा दहा पावलं पुढे जायचा. तिने तो दाबला. मांजर उभ्या उभ्या किंचित पुढे घसरलं.

“पाय कुठे हलले? मग पावलं कसली?”

शंका रास्त होती. स्क्रॅचमधलं पाऊल हे नुसतं माप आहे. पडदा अशी ४८० पावलं रुंद आणि ३६० उंच. पाय हलताना दिसायला हवे असतील तर मांजराचे दोन पोशाख आलटूनपालटून दाखवावे लागतात, दोन्हींत पायांची ठेवण वेगवेगळी. हे मी समजावलं. “पण त्याने कपडेच घातले नाहीयेत,” ती म्हणाली. मी विषय बदलला.

विषय बदलून मी गेलो लोगोकडे. मुलांसाठीची ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९६७ सालची. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग ही त्यामागची मंडळी. त्या भाषेच्या हुकमावर पुढे जमिनीवरून फिरणारं एक यंत्र आलं, त्याला म्हणायचे कासव. पुढे जा, इतकं वळ असं सांगायचं, आणि कासव पेनने रेघ ओढत जायचं. पॅपर्ट यांचं म्हणणं असं की मूल अडलं तर त्याला सांगावं, तूच कासव हो आणि चालून बघ. मला ही कल्पना फार आवडते. मुलीलाही आवडली. फक्त कासव मी व्हायचं, असं तिने ठरवलं.

मी झालो. ती म्हणाली, “पुढे जा.” मी निघालो. तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि ती दार उघडायला पळाली. ‘थांब’ म्हणायचं राहिलं. मी चालत चालत कपाटापर्यंत गेलो आणि कपाटाला नाक लावून, जागच्या जागी पाय हलवत राहिलो. यात तत्त्व होतं. सांगितलं नाही ते यंत्र करत नाही, हे मुलीला एकदा डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

डोळ्यांनी पाहिलं ते नानांनी.

“जावईबापू,” नाना म्हणाले, “बरं आहे ना?”

नानांबद्दल सांगायला हवं. नाना प्रोग्रॅमिंग शिकले ते पंच कार्डांच्या जमान्यात, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर प्रोग्रॅम लिहायचे तेव्हा. एका कार्डावर ८० रकाने, एका कार्डावर एक ओळ, आणि प्रोग्रॅम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. कोबोल या त्या काळच्या भाषेत पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकाचे, सातवा खुणेचा, आठव्यापासून पुढे खरा मजकूर, ७२ व्या रकान्यानंतर काहीही लिहा, मशीन ढुंकून बघत नाही. गठ्ठा हातातून पडला तर सगळं मुसळ केरात, म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेनने तिरकी रेघ मारून ठेवायची. रेघ तुटक दिसली की समजायचं, कार्डं मागेपुढे झालीत. नानांच्या हातून एकदा रेघ न मारलेला गठ्ठा जिन्यात पडला होता. ती हकिगत मला पाठ आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कुठलं कार्ड पडलं होतं, तेही आता मी सांगू शकेन. खरं तर मला ती आवडतेसुद्धा. पण ती ऐकवताना नानांचा सूर असा असतो, की ज्याचा गठ्ठा कधी पडला नाही त्याने संगणकाला हात लावू नये.

नानांनी पडद्याकडे पाहिलं. एव्हाना मुलीने मांजराला ‘कायम चालत राहा’ आणि ‘काठाला लागलं की माघारी फीर’ असे ठोकळे लावले होते. मांजर उजव्या काठाला थडकलं आणि डोकं खाली, पाय वर करून परत निघालं.

“मशीन बिघडलंय,” नाना म्हणाले.

“नाही नाना. त्याला माघारी फिरायला सांगितलं, ते अर्धा फेरा गोल फिरलं. म्हणून उलटं झालं. फिरायची पद्धत डावी-उजवी केली की सरळ होतं.”

“प्रोग्रॅम कुठे लिहिलाय?”

“हे ठोकळे म्हणजेच प्रोग्रॅम.”

“आणि शेवट? स्टॉप रन कुठे आहे?” स्टॉप रन म्हणजे कोबोलमधला प्रोग्रॅम थांबवायचा हुकूम.

‘कायम’च्या ठोकळ्याखाली काही अडकवताच येत नाही, त्याची खालची कड मुद्दाम सपाट ठेवली आहे, कारण तिथपर्यंत गाडी कधी पोचणारच नाही. मला ही रचना कमालीची हुशार वाटते. नानांना तो आळस वाटला. मी म्हटलं, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालंय, २००७ पासून जगभरची पोरं वापरताहेत, आणि मूळ कल्पना लोगोची म्हणजे तुमच्या वेळचीच आहे. “आमच्या वेळी हे आमच्या कानावर आलं नाही,” नाना म्हणाले, आणि लोगोचा निकाल लागला.

मग नानांनी कागद मागितला. मुलीला म्हणाले, “बाळ, आधी फ्लोचार्ट. हात नंतर चालवायचा.” पट्टी मागितली. पेन्सिल मागितली. पेन्सिलीला टोक नव्हतं, ते काढायला मला पाठवलं. मी परत येईपर्यंत वर्ग नानांच्या ताब्यात गेला होता. लंबगोल म्हणजे आरंभ. चौकोन म्हणजे कृती. शंकरपाळा म्हणजे प्रश्न, त्यातून दोन बाण, हो आणि नाही. मुलगी जीभ बाहेर काढून शंकरपाळा काढत होती. मी मांजरासाठी आठवडाभर केलेल्या तयारीला तिने कधी एवढी जीभ बाहेर काढली नव्हती.

तक्ता तयार झाला. आरंभ. मग चौकोन: एक पाऊल पुढे टाक. मग शंकरपाळा: समोर भिंत आहे का? हो, तर उजवीकडे वळून वर चौकोनाकडे जा. नाही, तर थेट चौकोनाकडे जा. तळाशी नियमाप्रमाणे ‘समाप्त’चा लंबगोल.

“आता चालवून बघू,” नाना म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी कागद वाचला. “नाना, यात आधी पाऊल आहे आणि मग प्रश्न. म्हणजे मी भिंतीपाशी उभा असेन तर आधी आपटेन आणि मग विचारेन, भिंत आहे का?”

“मशीनने मत द्यायचं नसतं.”

“मी फक्त क्रम—”

“मशीन बोलतं का गं, बाळ?”

“नाही,” माझी मुलगी म्हणाली.

“आरंभ,” नाना म्हणाले.

मी कपाटापासून वीतभर अंतरावर उभा होतो. पाऊल टाकलं. कपाळ आपटलं. “आई गं!” म्हटलं. नाना म्हणाले, “हा आऊटपुट तक्त्यात नाही.” मग मुलीने विचारलं, “समोर भिंत आहे का?” मी म्हटलं, कपाट आहे. नानांनी सांगितलं, मशीनला हो आणि नाही एवढंच कळतं. हो. वळलो. पुढचं पाऊल, पुढचं पाऊल, दिवाणाचा कोपरा, गुडघा. दिवाण ही भिंत आहे का, यावर दोघांची चर्चा झाली. मशीन एका पायावर उभं होतं.

आणि मग मुलगी एकदम म्हणाली, “आजोबा, प्रश्न वर घेऊ या का? म्हणजे बाबा आधी बघेल आणि मग चालेल.”

“शाब्बास!” नानांनी मांडीवर थाप मारली. “बघितलंत जावईबापू? चूक सापडली पोरीला. कुणाकडून आलं असेल हे डोकं?” आणि ते दिवाणखान्यातल्या प्रत्येक वस्तूकडे कौतुकाने बघून आले, मी सोडून.

मला याचा राग आहे. मुलीचा नाही, तिने सोडवलं ते स्वतःच सोडवलं, आपटणारा बाप बघून सोडवलं, पॅपर्ट यांना हेच हवं होतं. पण तोच मुद्दा मी तिच्या आधी मांडला होता, आणि त्याची कुठेही नोंद नाही.

नवा तक्ता सुरू झाला. आता आपटणं बंद झालं. भिंत आली की वळ, नाहीतर चाल. मी खोलीला प्रदक्षिणा घालू लागलो. तेवढ्यात नानांना फोन आला आणि ते बोलत बाल्कनीत गेले. मुलगी पाणी प्यायला गेली. तळाचा ‘समाप्त’ कागदावर होता, पण त्याच्याकडे जाणारा एकही बाण नव्हता. मी फिरत राहिलो. बायको आत आली, तिने दोन फेऱ्या बघितल्या आणि मुलीला विचारलं, काय झालंय याला?

“बाबा हँग झालाय.”

“बंद करून चालू कर,” बायको म्हणाली आणि निघून गेली.

यातला विनोद मला कळतो. पण मुलाला प्रोग्रॅमिंग शिकवतोय म्हटलं की जो तो असाच पेन्सिल मागत येतो, हे मला आताशा विनोदी वाटत नाही. एका क्लासचा माणूस फोन करून विचारतो, “सर, मुलीच्या भविष्याचा काही विचार केलाय का?” तिचे दुधाचे दात पडताहेत, सध्या तोच विचार चालू आहे. सोबत एक प्रमाणपत्रही असतं, त्यावर मुलाचं नाव कोरं आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्द आधीच छापलेला. त्याने फोन ठेवला की दुसरं कुणी सांगतं, आता सगळं एआयच लिहिणार, कशाला पोरीचा वेळ घालवता. म्हणजे सकाळी उशीर झालेला असतो आणि संध्याकाळी गरजच संपलेली असते. कुणी म्हणतं थेट पायथन शिकवा, खेळण्यातलं काय शिकवता. पायथन चांगलीच आहे, पण तिथे ओळीच्या सुरुवातीची जागा चुकली की प्रोग्रॅम चालतच नाही, आणि माझी मुलगी अजून वहीच्या समासातून लिहायला सुरुवात करते. आणि एवढं बोलणाऱ्यांपैकी पोरीला कुणी विचारत नाही की तुला त्या मांजराकडून काय करून घ्यायचंय? विचारायच्या आतच माऊस ओढून घेतात. “थांब, मी दाखवतो.” हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी एक प्रदक्षिणा घालायला लावणार आहे. बाण न काढलेल्या तक्त्यावर.

नाना जाताना मुलीला म्हणाले, पुढच्या वेळी ‘समाप्त’चा बाण. मला म्हणाले, “चांगलं मशीन आहे, जरा बोलतं जास्त.”

ते गेल्यावर मी फिरायची पद्धत बदलून मांजर सरळ करायला गेलो. मुलीने माझा हात बाजूला केला. तिला ते उलटंच हवंय, ते कसरत करतंय म्हणे. त्यात एक कमी आहे, काठाला आपटल्यावर ते नुसतं म्याव करतं. आपटल्यासारखं ते वाटत नाही. स्क्रॅचमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो, हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही. तिने माईक चालू केला आणि मला म्हणाली, कपाटापाशी उभा राहा.

मी तोंडाने नुसतं “आई गं” म्हणून दाखवलं. ते खोटं वाटतंय म्हणाली.